अंथरूण न धरणारं घर

आमच्या सासरी पुरुष आजारी पडत नसत. ते एकदम मरत. कुणी खळ्यावर, कुणी बाजार करून येता येता, कुणी लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता. चाळिशी ओलांडायची, फार तर पन्नाशी बघायची, आणि एक दिवस छातीवर हात ठेवून खाली बसायचं, की संपलं. देवणीजवळच्या त्या गावात आमच्या घराला यासाठी मान होता. "त्या घरातला गडी अंथरूण धरत न्हाई," असं लोक म्हणायचे आणि म्हणताना हात जोडायचे. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. त्यामुळं जो बसल्या जागी गेला तो थेट शिवाच्या पायाशी गेला, त्याच्या पुण्याईबद्दल कुणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा स्वयंपाकघरात चौघीजणी होत्या. सासूबाई, दोन चुलत सासवा आणि थोरली जाऊ. चौघींच्याही कपाळाला नुसती विभूती. कुंकू लावणारी मी एकटी. पहिल्या दिवशी मला ते जाणवलं नाही, नव्या नवरीला कुठलं काय जाणवतं. पण पुढं भाकरी थापताना रोज त्या कपाळांकडं नजर जायची आणि डोकं तापायचं. पुरुष पुण्यवान म्हणून गेले, हे ठीक. मागं राहिलेल्या या चौघींना काय म्हणायचं, हे त्या गावानं कधी ठरवलं नव्हतं. भरल्या घरात चाळिशीच्या आत विधवा झालेल्या बायकांना पुण्याई सांगणारी माणसं मला तेव्हाही सहन होत नव्हती, आताही होत नाहीत.

त्या घरातल्या पुरुषांची आणखी एक खूण होती. ऐन तारुण्यात डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी, पापणीवर, पिवळे ठिपके यायचे. दुखत नसत, खुपत नसत. सासूबाई त्याला 'जन्माची हळद' म्हणायच्या. मला बघायला आमचे हे आले तेव्हा त्यांच्या उजव्या पापणीवर एक बारीकसा ठिपका होता, आणि माझ्या आईला तो फार आवडला होता. मोठ्या घरचं लेकरू आहे, तोंडावरच दिसतंय, असं ती म्हणाली होती. मलाही तो वाईट वाटला नव्हता. गोऱ्या माणसाला काहीही शोभतं.

मग लातूर जिल्हा झाला. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. एखाद्या सहीसाठी तिकडं जायचं म्हणजे मुक्कामाच्या तयारीनंच निघावं लागे. नवा जिल्हा झाला तसं नव्या कचेऱ्या निघाल्या, भाड्याच्या घरांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागल्या, आणि आमच्या यांना त्यातल्या एका कचेरीत नोकरी लागली. आम्ही लातुरात दोन खोल्या घेऊन राहायला आलो. मी, हे, आणि आमची मुलगी. सासूबाई गावाकडं गुरांपाशी राहिल्या. त्यांच्या देवणी गायी होत्या, आणि त्यांचा जीव गायींत. महिन्याच्या महिन्याला एसटीच्या ड्रायव्हरजवळ तुपाची किटली यायची. माझ्या लेकाला शहरातलं डालडा पचायचं नाही, असा निरोपही सोबत यायचा.

नव्या जिल्ह्याला नवेपण अंगी लागेपर्यंत दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही म्हटलं तरी चालेल. यांच्याकडं टँकरचं काम आलं. कुठल्या गावाला किती खेपा जायच्या, कुठल्या विहिरीवर भरायच्या, कोण भांडलं, कुणाचा टँकर चिखलात नव्हे तर धुळीत रुतला, सगळं यांच्या डोक्याला. सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. लोकांना पाणी पोचवणाऱ्याच्या घरी नळ कधीतरी एकदा यायचा, आणि आला की मी हातातलं सगळं टाकून घागरी मांडायची. त्या दिवसांत मला झोपेतसुद्धा नळाचा आवाज यायचा. थकवा असा होता की भांडायलाही अंगात जोर नसे.

त्यात मुलीला गोवर आला. मी यांना ओढूनच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नव्यानं आलेले एक डॉक्टर होते, तरुण, कमी बोलणारे. ते मुलीला तपासत होते आणि मधूनच यांच्या तोंडाकडं बघत होते. मुलीचं औषध लिहून झालं आणि त्यांनी यांना विचारलं, "वडील आहेत का तुमचे?"

"न्हाईत."

"कशानं गेले?"

"कशानं म्हंजे? आमच्यात कशानं जात न्हाईत. एकदम जातात," हे म्हणाले. छाती जराशी पुढं काढूनच म्हणाले.

"आणि भाऊ?"

"थोरला होता. तो बी तसाच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. यांना चप्पल काढायला सांगून टाचेच्या वरची शीर दोन बोटांत धरून बघितली. ती जाड होती, हे मला माहीत होतं. पण बैलामागं चालणाऱ्या माणसांच्या शिरा जाड असायच्याच, असं आम्ही धरून चाललो होतो. मग त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं, यांना नाही. रक्तात एक चरबी असते, तिला कोलेस्टेरॉल म्हणतात, असं ते सांगू लागले. ती शरीराला लागतेच. पण फार झाली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला थर धरते. हृदयाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद होत जाते. माणसाला काही कळत नाही, तो कामाला जातो, जेवतो, हसतो. आणि एक दिवस त्या अरुंद जागी गुठळी होते आणि रक्त थांबतं. आमच्या नळाच्या खाऱ्या पाण्यानं तोटीत क्षार साचून धार बारीक व्हायची, ती मी बघत होते, त्यामुळं मला हे लगेच समजलं. डोळ्यांपाशी दिसतो तो पिवळा ठिपका त्याच चरबीचा असू शकतो, टाचेची जाड शीरही, असं ते म्हणाले. ज्या घरात पुरुष तरुणपणी असे जातात त्या घरात तर तो बघितलाच पाहिजे.

मी यांच्या पापणीकडं बघितलं. आता तिथं दोन्ही डोळ्यांवर ठिपके होते, चांगले वालाएवढे. इतकी वर्षं मी त्यांना हौसेनं बघत होते.

रक्त तपासायला डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथल्या एका तपासणीवाल्यावर त्यांचा भरवसा होता. उपाशीपोटी जायचं म्हणून आदल्या संध्याकाळीच जाऊन नातलगांकडं राहिलो. हे तर चेष्टेवारी नेत होते. निकालाचा आकडा असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. डॉक्टरांनी पथ्याचं छापील पत्रक दिलं. त्यात अंडी नको, मटण नको, काळीज नको, भेजा नको. हे परतीच्या वाटेवर एसटीत ते वाचून मोठ्यानं हसले. "आपण तर जन्मताच पास झालोय की!" आमच्या सात पिढ्यांनी अंडं फोडलेलं नव्हतं. आणि इथंच आमची चूक होत होती, सगळ्या घराची, सगळ्या गावाची. मांस खाणाऱ्याला हे व्हायचं, आम्हाला कसं होईल, असं सगळ्यांना वाटायचं. पत्रकाच्या खालच्या बाजूला तूप, लोणी, साय असंही लिहिलं होतं. ते यांनी वाचलंच नाही, मी वाचलं.

तुपासाठी मला भांडावं लागलं नाही. चारा संपला तशा सासूबाईंनी गायी धर्माबादकडच्या पाहुण्यांकडं धाडल्या, तिकडं गोदावरीच्या काठाला थोडं हिरवं होतं. गायींना निरोप देताना त्या जेवल्या नव्हत्या म्हणे. किटली यायची बंद झाली. आमच्या घरात भाकरी, जवसाची चटणी, बिनफोडणीचं वरण, कधी शेपू. तेल मी थेंब मोजून टाकायची. माणसं तेव्हा अशीही वाळतच होती. हेही वाळले, गळ्याचं हाड दिसायला लागलं. मला आत कुठंतरी बरं वाटायचं, की निदान रक्तातलं ते तरी उतरत असेल.

पुन्हा नांदेड. पुन्हा उपाशी. आकडा उन्नीस-बीस. एवढं करून जरासा उतरला होता, बस. सगळा मुलूख आटला होता, यांच्या रक्तातली चरबी तेवढी जागच्या जागी. मी त्या तपासणीवाल्याच्या बाकावर बसून राहिले, मला उठवेना. हे मात्र खूष. "बघ, तूप नसताना बी तेवढंच. मग तुपानं काय घोडं मारलंय?"

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. जेवणातनं येतं ते थोडं, ते म्हणाले, बाकीचं शरीर आपलं आपण बनवतं. कुणाचं शरीर जादा झालेलं रक्तातून काढून घेतं, कुणाला ते नीट जमत नाही. यांना जमत नव्हतं, आणि हे वडिलांकडून आलं होतं. पथ्य सोडायचं नाही, पण नुसत्या पथ्यावर भागायचं नाही, गोळ्या घ्याव्या लागतील. आज, मी हे सांगते आहे तेव्हा, या दुखण्यावर चांगल्या गोळ्या आहेत. माझी मुलगी रोज एक घेते आणि कामाला जाते, तिला त्यात काही विशेष वाटत नाही. तिच्याही रक्तात ते उतरलं आहे. बाईला काय होतंय, पोरीचं रक्त कशाला तपासता, स्थळ येणार नाही, असं तेव्हा नातलग म्हणाले होते. मी कुणाचं ऐकलं नव्हतं. पण त्या काळात असल्या गोळ्या नव्हत्या. होत्या त्या एका जीवनसत्त्वाच्याच, पण भल्या मोठ्या मात्रेच्या. जेवणावर घ्यायच्या, डॉक्टरांनी बजावलं. तोंड लाल होईल, अंग चरचरेल, घाबरू नका, थोड्या वेळानं जातं.

सासूबाई तेव्हा लातूरला आल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी एकच गोष्ट धरली. "बापाकडून आलंय म्हनला ना डाक्टर? मग वाईट कसं आसंल?" आणि लेकाकडं वळून म्हणाल्या, "तुझ्या बापानं हयातीत एक गोळी खाल्ली न्हाई. तू मरणाला भिऊन गोळ्या खायलास व्हय?"

मीच म्हटलं, "आत्याबाई, ते भीत न्हाईत. मी भिते. माझ्यासाठी खाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरून उठून गेल्या. मला वाटलं, त्यांना राग आला.

गोळ्या यांनी महिनाभर घेतल्या असतील. मग एका दुपारी टँकरच्या कामाची बैठक होती. जेवायला सवड मिळाली नव्हती, आणि गोळी चुकवू नका असा माझा लकडा होता, म्हणून यांनी ती रिकाम्या पोटी घेतली. बैठकीत बोलायला उभे राहिले आणि तोंड, कान, मान, सगळं लालभडक झालं. घाम फुटला, हे अंग खाजवायला लागले. वरचा साहेब जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दुपारीच?" सगळे हसले. यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंड लाल होतंच, आणखी काय होणार.

घरी आले ते कुणाशी बोलेनात. मुलीला जवळ घेतलं नाही. जेवायला वाढलं तर ताट सरकवलं. मग एकदम म्हणाले, "गळ्यात लिंग हाय माझ्या. आजवर सुपारी सुद्धा खाल्ली न्हाई. आन मला दारुडा म्हनून हसून राहिलेत लोकं."

"उद्या सांगा की गोळीनं होतं म्हणून."

"कशाची गोळी, म्हनून विचारतील. काय सांगू? चाळिशी आली, आता मरतो का काय म्हनून गोळ्या खायलोय, असं सांगू?"

मी चिडले, रडले, हातापाया पडले. डॉक्टरांना विचारू, जेवणाबरोबर घेऊ, सुट्टीच्या दिवशी घेऊ, काय काय बोलले. ते "हाव, हाव" म्हणत राहिले. आणि गोळ्या घेणं त्यांनी बंद केलं. मला ते पुढं बऱ्याच दिवसांनी बाटली हातात घेतल्यावर समजलं. ती जड लागली. मी ती परत फळीवर ठेवली आणि त्यांना काही बोलले नाही. नळाला पाणी नव्हतं, घरात पीठ संपत आलं होतं, मुलीची शाळा होती. माणूस किती ठिकाणी उभा राहून लढणार? आता वाटतं तेव्हा बोलायला हवं होतं, आणि लगेच हेही वाटतं की बोलले असते तरी त्यांनी ऐकलं नसतं. मी त्यांना चांगली ओळखत होते.

वैशाखात, भर दुपारी, शहराबाहेरच्या एका विहिरीवर ते उभे होते. सरकारनं टँकरसाठी घेतलेली विहीर. दोन गावांची माणसं भांडत होती, पहिली खेप कुणाची म्हणून. भांडण सोडवता सोडवता यांच्या डाव्या खांद्यात आणि जबड्यात कळ आली. यांना वाटलं, उन्हानं पित्त झालं. कुणाकडून तरी ओवा मागून चावला. मग घाम फुटला, आणि हे टँकरच्या सावलीत खाली बसले.

हे सगळं मला टँकरच्या ड्रायव्हरनं सांगितलं. वयस्क मुसलमान माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. त्यानं यांना बसलेलं बघितलं आणि त्याला रंग बरा दिसेना. "साहेब म्हणून राहिले, जरा बसू दे चाचा, बरं वाटायलंय. मी म्हनलं, बसू बिसू नका, गाडीत चला." भरलेला टँकर तसाच घेऊन तो दवाखान्याच्या फाटकाशी आला. पाणी रस्त्यात सोडून दिलं असतं तर गाडी जोरात पळाली असती, पण लोकांसमोर पाणी सोडायची त्याची छाती झाली नाही. यांना आत नेईपर्यंत बाहेर घागरी, कळश्या, बादल्या घेऊन सगळी वस्ती लोटली आणि टँकर रिकामा झाला. चार दिवसांनी कचेरीचा शिपाई वॉर्डात आला. ती खेप ठरल्या गावी का पोचली नाही, याचा खुलासा हवा होता. हे तर बोलायच्या स्थितीत नव्हते, म्हणून त्यानं मलाच विचारलं. मी त्याला पाण्याचा पेला दिला आणि म्हटलं, बाबा, त्यांच्या अंगात सहीपुरतं सुद्धा बळ उरलं नाही, उद्या ये.

त्या तरुण डॉक्टरांनीच यांना वाचवलं. वाचवलं म्हणजे तेव्हा जेवढं होतं तेवढं केलं. बाकी त्यांच्या हातात नाही, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. हृदयाचा एक भाग मेला होता, उरलेला घाबरलेला होता. काही दिवस कॉटवरून खाली पाय ठेवायचा नाही. उठून बसायचंही नाही. खाणं, धुणं, सगळं पडल्या पडल्या. "उठले तर मी जबाबदार नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, "खरंच सांगतो."

आणि इथंच सगळं अडलं. त्या घरातला पहिला पुरुष अंथरुणाला लागला होता. यांना त्याची इतकी लाज वाटायची की हे शौचाचं भांडं मागत नसत. कळ काढायचे, ओठ चावायचे, आणि माझी पाठ वळली की हातावर भार देऊन उठायला बघायचे. एकदा तर पाय खाली सोडलेले मी पाहिले. तोंड पांढरंफटक पडलं होतं, श्वास लागला होता, तरी म्हणत होते, "मोरीपर्यंत तर जाऊ दे." मी दोन्ही खांद्यांना धरून त्यांना मागं दाबलं. नवऱ्यावर असा जोर मी त्याआधी कधी केला नव्हता. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

बघायला येणारी माणसं तर वरताण. गावाकडून जो येई तो आधी त्या भांड्याकडं बघे, मग यांच्याकडं, आणि चुकचुके. "लई वाईट झालं. तुमच्या घरात असं कधी झालं नव्हतं." एक पाहुणे म्हणाले, शिवाची मर्जी फिरली. हे ऐकत होते. मी ऐकत होते. किती दिवस झोप नव्हती, अंगाला दवाखान्याचा वास येत होता, कॉटखाली घागर ठेवून मी तिची राखण करत होते. माझा तोल गेला. "काय वाईट झालं?" मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले. "मेले असते म्हंजे चांगलं झालं असतं का? मग चला उठा, इथनं जा." पाहुणे गेले. यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना माझी बाजू पटली नव्हती, पाहुण्यांची पटली होती, हे मला दिसत होतं. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की वाटलं, जाऊ दे, उठायचं तर ऊठ.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. धर्माबादला गायी बघायला गेल्या होत्या, तिथं त्यांना निरोप उशिरा मिळाला, आणि तिथूनच परस्पर एसटी बदलत आल्या. त्या दारात दिसल्या. पाहुण्यांना हाकलता येतं, सासूला कसं हाकलायचं? त्यांनी एक शब्द जरी तसा काढला असता, बाप असा नव्हता, भाऊ असा नव्हता, तर हे उठले असते. मोरीपर्यंत गेले असते आणि तिथंच बसले असते. मी कॉटच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

त्यांनी मला हातानं बाजूला केलं. पायताण काढलं, पदर खोचला, आणि यांच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ तसाच ठेवला. नेमकं तेव्हाच यांना भांडं हवं होतं. मला ते तोंडावरून कळलं, आणि त्यांनाही कळलं असावं, शेवटी आई. हे हातावर भार देऊन वर व्हायला लागले.

"अव्वा, तू भाईर जा," हे म्हणाले. आईला आमच्याकडं अव्वाच म्हणतात. "तू बघू नको. मला लाज वाटायली."

सासूबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला, अगदी अलगद, आणि त्यांना खाली निजवलं.

"गप पड," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला मी पाण्याचा घोट पाजला न्हाई रे. भाकर आणाय आत गेले आन भाईर आले तर संपलं व्हतं. थोरल्याच्या येळी मी शेतात व्हते, मला बलवाय आले तवा त्यो थंड झाल्ता. एकाचं बी मला काई करू दिलं न्हाई. लोकं म्हनली, पुण्यवान हायती. म्या बी म्हनले. दुसरं काय म्हननार व्हते मी?"

यांचा श्वास मोठा मोठा चालला होता.

"आता तू घावलास," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखाली जिता घावलास. लाज वाटायली तर डोळे मीट."

आणि माझ्याकडं न बघता त्यांनी हात पुढं केला, भांड्यासाठी. मी दिलं. मग त्यांनी फडकं मागितलं, पाणी मागितलं. यांना त्यांनी कुशीवर केलं, पुसलं, कोरडं केलं, लहान लेकराचं करावं तसं सगळं, घाई न करता. हे डोळे मिटून पडून राहिले, आणि डॉक्टर उठा म्हणेपर्यंत पुढचे सगळे दिवस तसेच पडून राहिले. सासूबाई पुसत होत्या आणि त्यांच्या तोंडावर मी त्याआधी कधी न पाहिलेलं समाधान होतं. मला तिथं उभं राहवेना. मी बादली उचलून बाहेर आले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून रडले, बादली दोन्ही हातांनी घट्ट धरून, कारण तिच्यात अजून तळाला वापरण्यासारखं पाणी होतं.